वास नसलेल्या विषाचा पहारेकरी

भट्टीजवळच्या हवेत विषारी वायू असो किंवा हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक, माणसाच्या नाकाला आणि जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. जगभरच्या विद्यापीठांनी या कामासाठी कृत्रिम नाक-जिभा शोधून काढल्या. पण शोध लागला म्हणजे जीव वाचला, असे होते का?

रायपूर शहराला लागून, बीरगावच्या पलीकडे उरला औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. लोखंड आणि पोलादाशी निगडित कारखान्यांसाठी हा भाग ओळखला जातो. रोलिंग मिल, फेरो अलॉयच्या भट्ट्या आणि स्पंज आयर्न ही इथली नेहमीची नावे आहेत. आपल्याकडे जालना, घुग्घुस किंवा चंद्रपूर पाहिलेल्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. घरांच्या गच्चीवर बसणारी काळी भुकटी डोळ्यांना दिसते. म्हणून तिच्याबद्दल लोक तक्रार करतात, मोर्चे काढतात. पण या उद्योगातला एक धोका डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही जाणवत नाही.

स्पंज आयर्न तयार होते तरी कसे? लांबलचक फिरत्या भट्टीत लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवला जातो. कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. मागे उरते ते सच्छिद्र लोखंड. म्हणजे या धंद्यात खरे काम करतो तो हा वायूच. भट्टीत असतो तोवर तो कामाचा असतो. मात्र एखाद्या सांध्यातून, झडपेतून किंवा बंद पडलेल्या नळातून तो बाहेर आला, तर तोच जिवावर उठतो.

भिलाईची ती संध्याकाळ

हा धोका केवळ पुस्तकातला नाही. रायपूरपासून जवळच असलेल्या भिलाई पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ रोजी पाण्याच्या पंपघरात बिघाड झाला. झोतभट्टीचा वायू धुऊन स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेला तिथून पाणी जात असे. पाण्याचा दाब घटला आणि वायू उलट वाटेने नळातून पंपघरात शिरला. दोन उपमहाप्रबंधकांसह ६ जण मृत्युमुखी पडले आणि अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले. मरण पावलेल्यांत अनुभवी अधिकारी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कितीही वर्षांचा अनुभव असला तरी या वायूचा वास येत नाही.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहूनही अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते. उन्हाचा त्रास असेल किंवा पित्त झाले असेल, असे म्हणून माणूस जरा टेकतो आणि तिथेच बेशुद्ध होतो.

वास असलेल्या वायूंच्या बाबतीत तरी नाकावर भिस्त ठेवावी का? गटारात आणि मैल्याच्या टाक्यांत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा उग्र वास असतो. पण त्याचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस टाकीत उतरतो आणि फसतो.

भोपाळची आठवण तर देशाच्या मनावर कोरली गेली आहे. त्या काळी रायपूरही मध्य प्रदेशातच होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कामगारांचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा मिथाइल आयसोसायनेट गळत असल्याचे ध्यानात आले. एवढ्या घातक रसायनाच्या गळतीची पहिली वर्दी दिली ती माणसाच्या डोळ्यांनी. पुढे काय झाले, हे सांगायला नकोच.

पक्ष्यापासून पट्टीपर्यंत

माणसाच्या इंद्रियांची ही मर्यादा शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डचे शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणींतल्या दुर्घटनांचा अभ्यास केला. खाणीत जाताना पिंजऱ्यात कॅनरी पक्षी सोबत न्यावा, असा सल्ला त्यांनी दिला. छोट्या पक्ष्याचा श्वास भराभर चालतो, त्यामुळे विषाचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी होतो. पक्षी कोलमडला की खाणकामगार बाहेर पळत. ब्रिटनच्या खाणींमधून हे पक्षी निवृत्त झाले ते थेट १९८६ साली, हातात धरायची इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर.

या यंत्रांच्या मुळाशी असलेले शोध वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून आले. अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९५६ साली रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर एक पातळ पडदा होता. पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपे, इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होई आणि त्यातून निर्माण झालेली वीज मोजली की ऑक्सिजनचे प्रमाण कळे. १९६२ साली क्लार्क यांनी त्यावर ग्लुकोज ओळखणाऱ्या एन्झाइमचा थर देण्याची कल्पना मांडली. आज जिला जैवसंवेदक किंवा बायोसेन्सर म्हणतात, त्या शाखेचा उगम इथे मानला जातो.

पुढे ब्रिटनमधल्या ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्ड येथील संशोधकांनी ही कल्पना इतकी सुटसुटीत केली की १९८७ साली पेनाच्या आकाराचा साखर मोजणारा मीटर बाजारात आला. आज मधुमेही आजोबा सकाळी बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतात आणि काही सेकंदांत आकडा वाचतात, तो याच परंपरेचा प्रसाद आहे. कारखान्यातल्या कामगाराच्या छातीला अडकवायचा कार्बन मोनॉक्साइडचा मीटर म्हणजे या पट्टीचा चुलतभाऊच म्हणावा लागेल. त्यातही वायू पडद्यातून आत जातो, इलेक्ट्रोडवर त्याची क्रिया होते आणि निर्माण झालेल्या विजेवरून प्रमाण कळते.

दुसरी वाट जपानमधून निघाली. १९६२ साली क्यूशू विद्यापीठाच्या तेत्सुरो सेइयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तापवलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ थराला ज्वलनशील वायू लागला की त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता बदलते. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइड वापरून असेच तंत्र विकसित केले. स्वयंपाकघरात गॅस गळला की शिट्टी वाजवणारी डबी मुख्यत्वे याच तंत्रावर चालते.

रायपूरची गुलाबी-निळी पट्टी

उरल्याहून फार लांब न जाता, रायपूर शहरातच पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही अशा संवेदकांवर काम झाले आहे. ते वायूवर नसून पाण्यावर आहे, पण प्रश्न तोच आहे: ज्याला रंग, वास, चव काही नाही, ते ओळखायचे कसे?

छत्तीसगडच्या पश्चिम टोकाला, गडचिरोलीच्या सीमेकडे अंबागढ चौकीचा परिसर आहे. तिथल्या कौडीकसा आणि आसपासच्या गावांच्या भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये संशोधकांनी जगासमोर आणले. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड आणि खरखरीत होतात, कर्करोगाचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक नसावे. एवढे सूक्ष्म प्रमाण मोजायला महागडी यंत्रे आणि शिकलेली माणसे लागतात, आणि गावातल्या हातपंपापाशी दोन्ही नसतात.

डॉ. कमलेश श्रीवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यावर एक मार्ग सुचवला आहे. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर साध्या साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, लेप द्यायचा. असे कण सुटे असताना गुलाबी-लाल दिसतात. आर्सेनिकमुळे ते एकमेकांना चिकटून त्यांचा पुंजका झाला की रंग निळसर होतो. हीच क्रिया कागदाच्या तुकड्यावर घडवून आणायची, मोबाइलने त्याचा फोटो काढायचा आणि रंगाच्या छटेवरून प्रमाण ठरवायचे. सोने म्हटल्यावर दचकण्याचे कारण नाही. ते इतके थोडे लागते की दागिन्यांच्या हिशेबात ते मोजताही येणार नाही.

प्रयोगशाळेपासून खिशापर्यंत

तरीही संशोधनपत्रिकेत निबंध छापून येणे आणि गावातल्या बाईच्या हातात पट्टी पडणे, यांत मोठे अंतर आहे. पट्टी उन्हाळ्यात टिकली पाहिजे. पाण्यातल्या लोहामुळे किंवा क्षारांमुळे तिने फसता कामा नये. तिची किंमत परवडली पाहिजे आणि कोणीतरी ती सातत्याने बनवली पाहिजे. ग्लुकोजच्या कल्पनेला क्लार्क यांच्या इलेक्ट्रोडपासून खिशातल्या मीटरपर्यंत यायला २५ वर्षे लागली, ती याचसाठी.

हे अंतर कापता येते, याचे उदाहरण मुंबईत आहे. मुंबई आयआयटीतल्या सूक्ष्म संवेदकांच्या संशोधनातून ‘नॅनोस्निफ’ ही कंपनी उभी राहिली. बॅगेवर किंवा हातावर राहिलेले स्फोटकांचे सूक्ष्म अंश १० सेकंदांच्या आत ओळखणारे तिचे यंत्र एप्रिल २०२१ मध्ये सादर झाले. शोध लावणारे, उत्पादन करणारे आणि विकत घेणारे एकत्र आले की विद्यापीठातली कल्पना कपाटात धूळ खात पडत नाही.

पाण्याच्या बाबतीत वापरणारे हात तयार होत आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ महिलांना साध्या संचाने पाणी तपासायला शिकवण्याची योजना आखण्यात आली. दहावी-बारावी शिकलेली सूनबाई गावाचे पाणी तपासते, ही लहान गोष्ट नव्हे.

यंत्र ओरडले, पुढे काय?

आता पुन्हा भट्टीकडे वळू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली १७ प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांना प्रदूषण सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रे बसवण्याचे निर्देश दिले. ही गोष्ट चांगली झाली. पण चिमणीवरचे यंत्र शहराची हवा राखते; नळाच्या सांध्याशी पाना घेऊन बसलेल्या फिटरचा जीव त्याने वाचत नाही. त्याच्यासाठी यंत्र त्याच्या नाकाच्या जवळ, छातीवरच हवे.

शिवाय ते जिवंत हवे. वायू मोजणारी रासायनिक घटकुंडी हळूहळू क्षीण होते, साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून तिची वेळोवेळी परीक्षा घ्यावी लागते. अशी परीक्षा न झालेले यंत्र शून्य आकडा दाखवत राहते आणि माणूस निर्धास्त होतो. यंत्र नसण्यापेक्षा हे अधिक वाईट.

आणि यंत्राने धोक्याची सूचना दिली तर? आठ तासांच्या पाळीसाठी अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने दहा लाख भाग हवेत ५० भाग कार्बन मोनॉक्साइड ही मर्यादा घातली आहे. पण आकडा वर गेल्यावर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे यंत्र सांगत नाही. उत्पादन थांबेल म्हणून शिट्टी बंद करणारा मुकादम असेल, तर जगातल्या कुठल्याही विद्यापीठाचा शोध तिथे हतबल आहे.

आणखी एक कटू सत्य आहे. बंदिस्त जागेत मरण पावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात, असे अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ साली नोंदवले होते. आत पडलेला सहकारी पाहून धावून जाणे ही माणुसकी आहे. पण आधी हवा मोजणे आणि श्वसनाचे साधन चढवणे, ही त्याच माणुसकीची शिस्त आहे.

घरच्यांनी काय करावे?

हा विषय केवळ कारखान्यांचा नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा थंडीत बंद खोलीत पेटवलेली शेगडी हाच वायू सोडते. म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात ठेवाव्यात.

गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. शेगडी पेटती ठेवून दारे-खिडक्या लावून झोपू नये.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडर असलेल्या घरात गळतीसूचक जमिनीपासून थोड्याच उंचीवर लावावा. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, त्याचा सूचक छताजवळ हवा.

स्वयंपाकाच्या गॅसचा सूचक कार्बन मोनॉक्साइड ओळखेलच असे नाही. त्यासाठी वेगळे यंत्र मिळते. खरेदी करताना ते कोणता वायू ओळखते आणि किती वर्षे चालते, हे दोन्ही विचारून घ्यावे.

एकाच घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर ते पित्त समजू नये. दारे उघडावीत, बाहेर पडावे आणि डॉक्टरांना गाठावे.

आणि घरातला माणूस भट्टीवर, टाकीत किंवा गॅसच्या नळांपाशी काम करत असेल, तर डबा हातात देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: तुमच्या छातीवर मीटर असतो का? आणि तो शेवटचा कधी तपासला? मीटर ठेकेदाराच्या माणसालाही मिळतो का, हाही तिसरा प्रश्न विचारण्यासारखा आहे. संशोधकांनी आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. उरलेले काम कारखान्याच्या फाटकाच्या आत व्हायचे आहे, आणि ते झाले की नाही हे विचारण्याचा पहिला हक्क घरच्या माणसांचाच आहे.