घरचा प्लग आणि निपाणीचा रस्ता

अनगोळहून शाळा, बाजार, रेल्वे स्थानक असा आमच्या घरचा रोजचा फेरा १५-२० किलोमीटरांपलीकडे सहसा जात नाही. रात्री घरच्या विजेवर भारित होणारी व ती वीज सरताच पेट्रोलवर धावणारी ‘प्लग-इन हायब्रिड’ मोटार तेवढ्यास पुरेल काय? २०१० साली आलेली शेव्हरोले व्होल्ट विजेवर सुमारे ५६ किलोमीटर जाई; म्हणजे आमचे दोन दिवस निघाले. निपाणी मात्र सुमारे ७५ किलोमीटर. तेथे पेट्रोलच हवे, आणि परतताना तवंदी घाट आहेच!

खरी मेख निराळी. युरोपीय आयोगास २०२४ मध्ये अशा गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रमाणित आकड्याच्या सरासरी साडेतीनपट आढळले. मालक त्या पुरेशा वेळा भारितच करीत नाहीत. आमची मोटार रात्री गल्लीत उभी असते. बेळगावच्या पावसात ओट्यावरून रस्त्यापर्यंत तार रोज कोण ओढणार?