फिलाडेल्फियाच्या ग्रीनबाई

लॅक्रोस नावाचा खेळ आमच्या वाचक भगिनींनी पाहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त. आपल्या वस्त्यांतून मुली कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, शाळेच्या मैदानावर धावतात. ज्या खेळासाठी घरातून पैसा काढावा लागत नाही, तोच खेळ कष्टकऱ्याच्या मुलीच्या वाट्याला येतो. लॅक्रोस तसा नाही. त्याला हिरवळीचे मोठे मैदान लागते, खास बनावटीची काठी लागते आणि तो शिकवणारी शाळा लागते. अमेरिकेत ही तिन्ही साधने बराच काळ पैसेवाल्यांच्या मुलींकडेच होती. तरीही आज आम्ही या खेळाविषयी लिहीत आहोत, ते एका बाईंसाठी. त्यांचे नाव टीना स्लोन ग्रीन. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्त्रियांच्या लॅक्रोसमधील त्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक.

आधी खेळ समजून घेऊ. काठीच्या टोकाला विणलेली छोटी जाळी असते. रबराचा टणक चेंडू त्या जाळीत झेलायचा, काठी सतत हलवत धावायचे म्हणजे चेंडू बाहेर पडत नाही, मग तो सोबतीणीकडे फेकायचा आणि शेवटी सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोलात मारायचा. पुरुषांच्या लॅक्रोसमध्ये डोक्यावर शिरस्त्राण घालून एकमेकांना धडका देतात. स्त्रियांच्या खेळात धडक चालत नाही. ग्रीनबाईंच्या काळात एका संघात बाराजणी असत आणि एक मजेदार नियम होता. पंचाची शिट्टी वाजली की मैदानावरच्या प्रत्येकीने असेल तिथेच उभे राहायचे, आपली मुले गल्लीत ‘स्टॅच्यू’ खेळतात तसे. त्यामुळे या खेळात नुसती ताकद पुरत नाही. पाय, डोळे आणि डोके लागते.

हा खेळ मुळात गोऱ्यांचा नाहीच. उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी जमाती, विशेषतः हौदेनोसॉनी लोक, तो शतकानुशतके खेळत आले. त्यांच्या दृष्टीने तो धर्मकार्याचा भाग होता, आजारी माणसाला बरे वाटावे म्हणूनही तो खेळला जाई. एकोणिसाव्या शतकात कॅनडातील गोऱ्यांनी तो उचलला, कागदावर नियम लिहून काढले आणि १८८० साली तेथील लॅक्रोस संघटनेने मूळनिवासी खेळाडूंनाच अजिंक्यपद स्पर्धेतून बाहेर काढले. कारण काय, तर ते पैसे घेऊन खेळतात म्हणून! ज्यांच्या घरचा खेळ, तेच दाराबाहेर. आमच्या वाचकांना ही गोष्ट नवीन वाटणार नाही.

पुढे स्कॉटलंडमधील सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत १८९० मध्ये हा खेळ सुरू झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत मुलींचा संघ उभा केला. म्हणजे मूळनिवाशांच्या वस्तीतून निघालेला खेळ समुद्र ओलांडून गेला आणि श्रीमंत मुलींच्या शाळांतून परत आला. कृष्णवर्णीय मुलीला त्यात जागा असेल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

सरकारी शाळेतून राष्ट्रीय संघात

टीना यांचा जन्म १९४४ सालचा, फिलाडेल्फिया शहरातला. या शहरात ‘फिलाडेल्फिया हायस्कूल फॉर गर्ल्स’ ही नावाजलेली सरकारी शाळा आहे. तेथे वशिल्याने नव्हे, गुणांवर प्रवेश मिळतो. टीना त्या शाळेत गेल्या आणि तिथे हॉकी खेळू लागल्या. पुढे त्या वेस्ट चेस्टर येथील सरकारी महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करण्यासाठी गेल्या. शिक्षक घडवणारे ते महाविद्यालय. तेथेच त्यांच्या हाती पहिल्यांदा लॅक्रोसची काठी आली. आमच्या मते या गोष्टीकडे नीट पाहायला हवे. ज्या खेळाची ओळख श्रीमंतांच्या मुलींना शाळकरी वयात होत होती, तो या मुलीला महाविद्यालयात गेल्यावर भेटला. आणि तरीही १९६६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्यावर अवघ्या दोन वर्षांत, १९६८ साली, त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय लॅक्रोस संघात होत्या! त्या संघातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९७२ पर्यंत त्या या संघाकडून खेळल्या. १९६९ मध्ये हॉकीच्या राष्ट्रीय चमूतही त्यांची निवड झाली.

१९६८ हे साल आठवा. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि अमेरिकेतील शहरे पेटली. त्याच ऑक्टोबरात मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदके स्वीकारताना काळ्या हातमोज्याची मूठ उंचावली. ती दोन नावे जगभर गेली. लॅक्रोसच्या हिरवळीवर एकटी कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्या खेळाडूंमध्ये धावत होती, तिचे छायाचित्र कोण छापणार? अमेरिकेतील या लोकांशी आपले नाते जुने आहे. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला होता. म्हणून आपल्याकडे ही माहिती उशिरा का होईना, पोहोचायला हवी.

खेळावर पोट भरत नाही. टीना यांनी शाळांत नोकरी केली. लिंकन विद्यापीठातही त्यांनी शिकवले. हे विद्यापीठ १८५४ साली कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघाले. कवी लँग्स्टन ह्यूज, न्यायमूर्ती थरगूड मार्शल आणि घानाचे क्वामे एन्क्रुमा तेथेच शिकले. नोकरी सांभाळून टीना यांनी टेंपल विद्यापीठातून १९७० साली पदव्युत्तर पदवी घेतली. काही वर्षांनी त्याच टेंपलमध्ये त्या शिकवायला आणि लॅक्रोसचा संघ सांभाळायला आल्या. येथून त्यांना ‘ग्रीनबाई’ म्हणणेच आम्हाला बरे वाटते, कारण आयुष्यभर त्या मास्तरीणच राहिल्या.

रात्रशाळेचे घुबड

टेंपल विद्यापीठ उत्तर फिलाडेल्फियात आहे, कष्टकऱ्यांच्या वस्तीला लागून. १८८४ च्या सुमारास रसेल कॉनवेल नावाच्या धर्मोपदेशकाने दिवसभर काम करणाऱ्या लोकांना रात्री शिकवायला सुरुवात केली, त्यातून ते वाढले. म्हणूनच त्याच्या खेळाडूंचे चिन्ह घुबड. आपल्याकडे घुबड दिसले की म्हातारी माणसे तोंड फिरवतात. तिथे रात्री जागून शिकणाऱ्या कामगाराची ती खूण आहे. रात्रशाळेत कंदिलाखाली किंवा म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना हे घुबड आवडावे.

ग्रीनबाई तेथे आल्या तेव्हा अमेरिकेत एक कायदा नुकताच झाला होता. १९७२ च्या जून महिन्यातील हा कायदा ‘टायटल नाईन’ या नावाने ओळखला जातो. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने मुलगी म्हणून भेद करायचा नाही, एवढेच त्याचे म्हणणे. कायद्याच्या मजकुरात खेळाचा उल्लेखही नव्हता. पण शिक्षणसंस्थेत मैदान आलेच, आणि मुलांना मैदान, प्रवासखर्च, शिष्यवृत्ती मिळते तर मुलींना का नाही, हा प्रश्न उभा राहिला. हळूहळू मुलींच्या संघांना पैसा मिळू लागला. खेळाच्या शिष्यवृत्तीवर साध्या घरची मुलगी पदवीधर होऊ शकेल, अशी वाट उघडली.

या वाटेवर ग्रीनबाईंनी जो संघ बांधला त्याचे आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. १९९२ मध्ये त्या प्रशिक्षकपदावरून बाजूला झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर २०७ विजय, ६२ पराभव आणि ४ बरोबरीचे सामने होते. म्हणजे दर चार सामन्यांत तीन जिंकले. राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या संघाने तीन वेळा मिळवले.

पहिले १९८२ साली. त्या वर्षी अमेरिकेत एक विचित्र स्थिती होती. मुलींच्या महाविद्यालयीन खेळांची स्वतःची संघटना होती, एआयएडब्ल्यू. ती स्त्रियांनी उभारलेली आणि स्त्रियांनीच चालवलेली. पुरुषांच्या खेळांची बलाढ्य संघटना एनसीएए अनेक दशके मुलींकडे ढुंकूनही पाहत नव्हती. मुलींच्या खेळात पैसा दिसू लागताच तिने आपल्या स्पर्धा सुरू केल्या. १९८२ मध्ये दोन्ही संघटनांनी वेगवेगळ्या लॅक्रोस स्पर्धा घेतल्या. टेंपलच्या मुली एआयएडब्ल्यूच्या स्पर्धेत जिंकल्या आणि ती त्या संघटनेची लॅक्रोसची शेवटची स्पर्धा ठरली. मोठ्या माशाने लहान मासा गिळला.

मग १९८४. एनसीएएच्या अंतिम सामन्यात टेंपलने मेरीलँडला ६-४ असे हरवले. त्यानंतरची गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. १९८७ च्या अंतिम सामन्यात टेंपल पेन स्टेटकडून ७-६ असे, म्हणजे एका गोलाने हरले. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा समोर पेन स्टेटच. या वेळी टेंपलने १५-७ असा धुव्वा उडवला आणि अख्खा हंगाम एकही सामना न हरता संपवला. एका गोलाचे दुःख वर्षभर उराशी बाळगलेल्या मुलींना बाईंनी कसे तयार केले असेल, याची कल्पना ज्याने एका मार्काने नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेला बसवले आहे त्याला करता येईल. त्या विजयी संघातील गेल कमिंग्ज पुढे स्किडमोर महाविद्यालयाच्या क्रीडा संचालक झाल्या.

कोणी विचारील, बाईंच्या संघात तर गोऱ्या मुलीच अधिक होत्या, मग यात कृष्णवर्णीयांचे काय भले झाले? प्रश्न रास्त आहे. पण ज्या शाळांत लॅक्रोस शिकवले जाई, तेथे कृष्णवर्णीय मुली नव्हत्या, आणि जेथे त्या होत्या तेथे काठ्या नव्हत्या. विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला तयार खेळाडू निवडावे लागतात, संघ हरू लागला तर नोकरी जाते. ग्रीनबाईंनी आधी जिंकून दाखवले. गोऱ्या घरांतील आईबाप आपल्या मुली एका कृष्णवर्णीय बाईंच्या हाती सोपवत होते आणि त्या विजेत्या होऊन परत येत होत्या. हे काम लहान नाही. मात्र एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

१९८१ सालीच त्यांनी कॅरोल ओग्लेस्बी, अल्फा अलेक्झांडर आणि निकी फ्रँक यांच्यासोबत ‘ब्लॅक विमेन इन स्पोर्ट’ हे पुस्तक काढले होते. खेळातील कृष्णवर्णीय स्त्रियांची नोंद कोणी ठेवत नाही, तर आपणच ठेवू, हा त्यामागील विचार. अल्फा अलेक्झांडर टेंपलच्याच विद्यार्थिनी. निकी फ्रँक टेंपलमध्ये तलवारबाजीच्या प्रशिक्षक होत्या. त्या १९७२ पासून २०२२ पर्यंत, तब्बल पन्नास वर्षे त्या जागेवर राहिल्या. तलवारबाजी आणि लॅक्रोस! ज्या दोन खेळांत कृष्णवर्णीय बाई दिसणार नाही असे लोक धरून चालत, त्याच दोन खेळांच्या मुख्य प्रशिक्षक एकाच विद्यापीठात शेजारी शेजारी काम करत होत्या.

दरम्यान एक उलटाच प्रकार घडत होता. १९७२ पूर्वी मुलींच्या महाविद्यालयीन संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. बहुतेकींना त्यासाठी फारसा मोबदला मिळत नसे. कायद्यानंतर पगार आले, पदे आली, मान आला, आणि त्यासोबत पुरुष आले. पुढे स्त्री प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले. मुली खेळू लागल्या, पण शिट्टी पुरुषाच्या तोंडी गेली. गोऱ्या बायांची ही गत, तर कृष्णवर्णीय बायांना कोण विचारतो? काम फुकटचे असते तेव्हा बाईचे, पगार लागला की पुरुषाचे. हा नियम आपल्या गिरण्यांत, शेतात आणि स्वयंपाकघरातही आपण पाहिला आहे.

म्हणून १९९२ मध्ये, मैदानावरचे काम संपवले त्याच वर्षी, ग्रीनबाईंनी अल्फा अलेक्झांडर, निकी फ्रँक आणि कायद्याच्या प्राध्यापक लिंडा ग्रीन यांच्याबरोबर ‘ब्लॅक विमेन इन स्पोर्ट फाउंडेशन’ ही संस्था फिलाडेल्फियात स्थापन केली. चौघीही शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या. कृष्णवर्णीय मुलींना गोल्फ, टेनिस, तलवारबाजी, लॅक्रोस असे ‘त्यांचे नसलेले’ खेळ शिकवायचे, आणि खेळाडूपाशीच न थांबता त्यांच्यातून प्रशिक्षक, पंच, संचालक तयार करायचे, हे संस्थेने ठरवले. टेंपलमध्ये प्राध्यापक म्हणून बाईंनी आणखी एक उपक्रम हाती घेतला, ‘सिस्टर्स इन स्पोर्ट सायन्स’. चेंडू किती कोनात मारला तर किती लांब जातो, धावताना हृदयाचे ठोके का वाढतात, अशा गोष्टींतून शहरातील शाळकरी मुलींना विज्ञान आणि गणित शिकवायचे. मुलीला गणिताची भीती वाटते असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात घ्यावा. आपल्याकडे लंगडी आणि खो-खोवरही तो करता येईल, त्याला पैसा लागत नाही.

१९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय लॅक्रोस हॉल ऑफ फेममध्ये ग्रीनबाईंचे नाव लागले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रोसचा समावेश झाला आहे, सहा-सहा खेळाडूंच्या प्रकारात. हौदेनोसॉनी लोक स्वतःच्या झेंड्याखाली उतरू द्या अशी मागणी करत आहेत.

ग्रीनबाईंच्या घरात टेनिसही होते. त्यांची कन्या ट्रेसी ग्रीन फ्लोरिडा विद्यापीठाकडून टेनिस खेळली, मग आईच्याच टेंपलमध्ये टेनिसची प्रशिक्षक झाली आणि २००७ साली हार्वर्ड विद्यापीठाने तिला आपल्या मुलींच्या टेनिस संघाची मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावले.