संसर्गजन्य रोगांची खबर : डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य

खेड्यातील एखादा शेतमजूर महिनाभर खोकत असतो. तालुक्याच्या गावी जाऊन तो खासगी डॉक्टरांना प्रकृती दाखवितो. क्षयरोगाचे निदान होते व औषध सुरू होते. दोन महिन्यांत बरे वाटू लागते, मजुरीही बुडत असते; मग तो औषध सोडून देतो. आपल्या भागात असा रुग्ण आहे, हे प्राथमिक आरोग्य केंद्राला ठाऊकच नसते. त्यामुळे त्याची चौकशी करावयास कोणी जात नाही आणि घरातील मुलांची तपासणीही होत नाही. थुंकीत जंतू असलेला व उपचार न घेणारा एक रुग्ण वर्षभरात सुमारे १० ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे न कळविलेल्या एका नोंदीची किंमत किती मोठी असते याची कल्पना येते.

हे टाळण्यासाठीच काही रोग शासन ‘अधिसूचित’ करते. अशा रोगाचा रुग्ण आढळल्यास आरोग्य यंत्रणेला कळविणे हे डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य ठरते. केंद्र शासनाने ७ मे २०१२ च्या आदेशान्वये क्षयरोगाचा असा समावेश केला. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ही जबाबदारी अधिक स्पष्ट करण्यात आली. डॉक्टर व रुग्णालये यांच्याबरोबरच प्रयोगशाळा आणि औषध विक्रेते यांनाही तीत समाविष्ट करण्यात आले. नोंद ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीवर केली जाते. कर्तव्यात कसूर करणाऱ्यांसाठी या अधिसूचनेत भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ व २७० चा निर्देश होता. १ जुलै २०२४ पासून या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून त्याच आशयाची कलमे तीत २७१ व २७२ या क्रमांकांची आहेत. निष्काळजीपणाने रोग पसरविण्यास सहा महिन्यांपर्यंत, तर दुष्ट हेतूने तसे करण्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यांत आहे.

रोगाची खबर द्यावयास लोक का कचरतात, याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात सापडते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. त्यानंतर पुण्यात सैनिकांकरवी घरांची झडती घेण्यात आली व रुग्णांना सक्तीने हलविण्यात आले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झालेला गोळीबार हा त्या संतापाचाच उद्रेक होता. खबर दिली की घरावर संकट येते, अशी धारणा झाली म्हणजे खबर मिळत नाही, आणि खबर नसेल तर साथ आवरत नाही.

म्हणूनच आजच्या व्यवस्थेत नोंदीपाठोपाठ मदत पोहोचावी, अशी योजना आहे. नोंद झालेल्या रुग्णास शासकीय यंत्रणेमार्फत मोफत औषधे मिळू शकतात. पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यात येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. आरोग्य कर्मचारी औषध नियमित घेतले जाते की नाही हे पाहतात, कुटुंबीयांची तपासणी करतात आणि आवश्यक तेथे प्रतिबंधक उपचार सुरू करतात. रुग्ण खासगी डॉक्टरांकडेच उपचार घेऊ इच्छीत असल्यास तसे करण्यास नोंदीमुळे कोणतीही बाधा येत नाही.

रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्यकाचा धर्म होय. मग ही खबर देणे विश्वासघात ठरत नाही काय, असा प्रश्न काही डॉक्टर उपस्थित करतात. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेसंबंधीच्या २००२ च्या विनियमांत याचे उत्तर आहे. गोपनीयतेच्या नियमास त्यांत मोजके अपवाद आहेत व अधिसूचित रोग हा त्यांपैकी एक होय. मात्र ही माहिती आरोग्य अधिकाऱ्यांपुरतीच द्यावयाची असते. शेजारी, मालक वा गावकरी यांना ती सांगण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही.

येथेच पंचायत सदस्य व शिक्षक यांची जबाबदारी सुरू होते. रुग्णाचे नाव ग्रामसभेत घेतले जाणार नाही, त्याच्या मुलाला वर्गात वेगळे बसविले जाणार नाही, पाणवठ्यावर त्याला कोणी अडविणार नाही, याची हमी गावाने दिली पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असणाऱ्यास तपासणीसाठी जाण्याचा सल्ला देणे, औषध अर्धवट सोडणाऱ्यास धीर देणे, ही कामे कोणत्याही खर्चाशिवाय होऊ शकतात. कायदा डॉक्टरांना नोंद करावयास लावू शकतो. पण खोकणारा माणूस डॉक्टरांकडे वेळेवर जाईल की नाही, हे त्याला आपल्या गावाविषयी किती विश्वास वाटतो यावरच अवलंबून राहील.