मंगळावर डॅनीला पाठवलं कोणी?

लेखमाला : पडद्यावरचं अवकाश – लेखांक सहावा

कल्पित इतिहास सांगणारी मालिका सुरुवातीला प्रेक्षकाकडे एक मोठी सवलत मागते आणि ती आपण खुशीने देतो, हे मागच्या लेखांकात पाहिलं. ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ने २०१९ साली मागितलेली सवलत लहान नव्हती. जून १९६९ मध्ये, आर्मस्ट्राँगच्या आधी, सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव चंद्रावर उतरतो! प्रत्यक्षात सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे कर्तेधर्ते सर्गेई कोरोलेव्ह जानेवारी १९६६ मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान गेले आणि त्यांचं अजस्र एन-१ रॉकेट चारही उड्डाणांत फसलं. मालिकेच्या निर्मात्यांपैकी रोनाल्ड मूर यांनी कोरोलेव्हना जिवंत ठेवलं आणि त्यातून पुढचं सारं उलगडलं. आजचा प्रश्न पुढचा आहे. हीच मालिका २०२२ सालच्या तिसऱ्या सीझनमध्ये मंगळावर पोहोचते, तेव्हा अनेकांना ती पटेनाशी का होते? (ज्यांनी पाहिली नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फुटणार आहे.)

नेहमीचं उत्तर असं, की विज्ञान ढिलं झालं. पुरावा म्हणून शेवटच्या भागातलं दृश्य दाखवलं जातं. केली या गरोदर अंतराळवीराला वर फिरणाऱ्या ‘फिनिक्स’ यानावर पोहोचवायचं आहे आणि इंधन अपुरं आहे. म्हणून तिला स्पेससूटमध्ये रॉकेटच्या बाहेर, टोकाशी बांधून सोडतात. ऐकायला अचाट वाटतं. पण मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे इथे जो वारा माणसाला फाडून टाकेल तो तिथे जवळजवळ नाहीच. वजन कमी करण्यासाठी वाट्टेल ते उपटून फेकणं हा तर अपोलोचाच वारसा आहे. चांद्रयानातल्या खुर्च्या याच कारणासाठी काढल्या गेल्या आणि अंतराळवीर उभ्या उभ्या चंद्रावर उतरले. मालिकेचं पंचांगही चोख आहे. मंगळाकडे निघण्याची सोयीची वेळ साधारण सव्वीस महिन्यांनी येते, आणि नासाचं १९९६ हे साल व ‘हेलिऑस’ या खासगी कंपनीने अलीकडे ओढलेलं १९९४ हे साल या दोन्ही खऱ्याखुऱ्या वेळा आहेत. इतकं काटेकोर काम करणाऱ्यांवर विज्ञान विसरल्याचा आरोप टिकत नाही.

उलट आदल्या सीझनमधलं गॉर्डो आणि ट्रेसी या अंतराळवीरांचं दृश्य आठवा. चंद्रावरची अणुभट्टी वितळू नये म्हणून दोघं स्पेससूटशिवाय, अंगभर चिकटपट्टी गुंडाळून, निर्वात पृष्ठभागावर धावतात आणि मरतात. १९६६ साली ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात जिम लब्लां या तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली आणि सुमारे चौदा सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. तो वाचला, कारण लगेच हवा आत सोडली. त्या हिशेबाने चिकटपट्टीवर धावणं फारच ताणलेलं आहे. तरी तो प्रसंग कुणाला खोटा वाटला नाही. कारण ती दोघं तिथे का आहेत, त्यांना कुणी पाठवलं, तळावर दुसरं कोण उरलं नव्हतं, हे सगळं दोन सीझनभर आपल्यासमोर घडलेलं होतं. विज्ञान कच्चं, माणसं पक्की.

मंगळावर नेमकं उलटं घडतं. गॉर्डो-ट्रेसीचा मुलगा डॅनी स्टीव्हन्स ‘हेलिऑस’च्या मोहिमेवर आहे. दारूशी त्याचं जमेनासं झालंय, गोळ्यांची सवय लागलीय, आणि ज्या कमांडर एडच्या हाताखाली तो आहे त्याच्या पूर्वीच्या बायकोत त्याचा जीव वर्षानुवर्षं अडकलाय. पाण्यासाठी खोदकाम चालू असताना दाबावर लक्ष ठेवायचं काम याच माणसाकडे. तो नशेत, इशारा दुर्लक्षित, दरड कोसळते, माणसं मरतात. दाब वाढला, जमीन सरकली, यात शास्त्र म्हणून काही चूक नाही. चूक आहे ती त्या खुर्चीवर त्याला बसवणाऱ्यांची, आणि त्याबद्दल मालिका एडच्या आंधळ्या मायेपलीकडे काहीच सांगत नाही.

यावर म्हणता येईल की ‘हेलिऑस’ नासा नाही. मालक देव आयेसा याला हुद्दे-उतरंड मान्य नाही, निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचे ही तिथली रीत. अशा घरात शिस्त सैल असणारच. हा बचाव मला बराच काळ पटण्याजोगा वाटला, पण त्याच सीझनमधला एक प्रसंग त्याला छेद देतो. सोव्हिएत यान संकटात सापडतं, एड मदतीला वळू पाहतो, आणि कंपनी पृथ्वीवरून त्याच्या हातातलं नियंत्रणच काढून घेते. कोट्यवधी किलोमीटरवरून कमांडरचं सुकाणू रोखणाऱ्या कंपनीला आपला माणूस किती गोळ्या गिळतो हे दिसत नाही? मॉस्कोतल्या ‘मार्स-५००’ प्रयोगात २०१०-११ मध्ये सहा जण ५२० दिवस बंद राहिले, तेव्हा मनगटावरच्या यंत्रातून त्यांच्या झोपेची आणि हालचालींची अखंड नोंद होत होती. कंपनी हावरट दाखवा, निष्काळजी दाखवा, पण गरजेप्रमाणे डोळस आणि गरजेप्रमाणे आंधळी दाखवलीत की तिची कंपनी राहत नाही, लेखकाची सोय होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खरे अंतराळवीरही कोलमडतात. शटलमधून उड्डाण केलेल्या लिसा नोवाक यांना २००७ मध्ये, प्रेमप्रकरणातल्या प्रतिस्पर्धी स्त्रीला गाठण्यासाठी ह्यूस्टनहून ऑरलँडोपर्यंत गाडी हाकत गेल्यावर अटक झाली. हे कुणी पटकथेत लिहिलं असतं तर आपण हसलो असतो. पण त्यानंतर काय झालं ते पाहा. नासाने अंतराळवीरांच्या शारीरिक-मानसिक तपासणीचा आढावा घ्यायला समित्या नेमल्या. माणूस घसरला आणि संस्था खडबडून जागी झाली. पहिल्या सीझनमध्ये मालिकाही अशीच वागते. अपोलो २३ प्रक्षेपणमंचावर फुटतं, चौकशी बसते, सदोष झडपेपर्यंत माग लागतो, आणि त्या झडपेमागची राजकीय देवाणघेवाण बाहेर येते. तिथे अपघात म्हणजे पुढच्या कथेचं बियाणं होतं. डॅनीच्या वेळी तो फक्त पुढच्या भागाची उत्कंठा आहे. उत्तर कोरियाचा माणूस सर्वांच्या आधी मंगळावर पोहोचलेला निघतो, तेही याच जातीचं. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात कोरियन रॉकेटचा तुकडा अवकाशातल्या हॉटेलला धडकतो, म्हणजे सूचना दिली होती. पण एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि त्या कुपीत महिनोन्‌महिन्यांचा साठा कुठून आला याची मालिकेला पर्वा नाही. सूचना दिली म्हणजे गोष्ट पटवली असं होत नाही.

नाट्याला भडकपणा लागतो, असंही कुणी म्हणेल. लागू दे. चौथ्या सीझनमध्ये, २००३ साली, एक अख्खा लघुग्रह चोरला जातो. इंजिन ठरल्यापेक्षा जास्त वेळ जाळायचं आणि पृथ्वीकडे निघालेला तो धोंडा मंगळाभोवतीच अडकवून ठेवायचा, असा बेत. कक्षागणिताचा विचार केला तर हे केलीच्या उड्डाणापेक्षा कितीतरी जास्त ताणलेलं आहे. तरी चोरी गळी उतरते, कारण मायल्स डेल तोवर आपल्या ओळखीचा झालेला असतो. बढाया ऐकून मंगळावर आलेला, कबूल केलेले पैसे न मिळालेला, खालच्या मजल्यावर कोंबलेला आणि चोरटा माल विकून घरी पैसे धाडणारा. संप त्याच मजल्यावर पेटतो, आणि चोरीला लागणारे हातही तिथलेच.

(पुढील लेखांक : ‘द एक्स्पान्स’मधला बर्फ आणि पाण्याचा हिशेब)