उत्तरेकडील एक हिशेब

भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रॉम्सो आणि त्याच्याही कितीतरी वर, स्वालबार्ड बेटसमूहात वसलेले लाँगियरब्येन, यांमधील अंतर मी कर्कटकाने घेतले, आणि तेच कर्कटक तसेच उघडे ठेवून हिंदुस्थानावर आणले, तेव्हा त्याचे एक टोक कन्याकुमारीवर व दुसरे काश्मीरच्या उत्तर सीमेवर टेकलेले पाहून, एवढा पल्ला माझे विमान दीड-पावणेदोन तासांत कसा संपवणार, अशी शंका मनात आल्यावाचून राहिली नाही.

लबाडी नकाशाची होती. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना तो ध्रुवाकडचा मुलूख बेसुमार ताणतो. म्हणून अशा प्रकरणी अक्षांशांचीच साक्ष काढावी. ट्रॉम्सोचा विमानतळ 69 अंश 41 कलांवर, लाँगियरब्येनचा 78 अंश 15 कलांवर. फरक 514 कलांचा, आणि अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, ही दर्यावर्दी लोकांची जुनी व मोठी सोयीची तजवीज. रेखांशांत साडेतीन अंशांचे अंतर आहे खरे. परंतु मुंबईच्या अक्षांशावर जो अंश 105 किलोमीटर भरतो, तो लाँगियरब्येनला जेमतेम 23 किलोमीटर उरत असल्यामुळे बेरजेत तीनच मैलांची भर पडते. एकूण 517 सागरी मैल, अर्थात सुमारे 960 किलोमीटर. मुंबईहून दिल्ली याहून लांब आहे!

ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाला एवढ्यास सव्वा तासही नको. वरचा वेळ धावपट्टीपर्यंत रांगण्यात, चढण्यात आणि उतरण्यात जातो, आणि त्याची वजावट कोणताही नकाशा करून देत नाही. शिवाय स्वालबार्ड नॉर्वेच्या अमलाखाली असले तरी शेंगेन मुलुखाबाहेर असल्याने ट्रॉम्सोला पारपत्राची तपासणी होते. ती मात्र उड्डाणाच्या वेळेत कोणी धरीत नाही.

जूनचा महिना होता. सूर्य दोन्ही मुक्कामी न मावळणारा, आणि घड्याळही दोन्हीकडे एकच. निम्म्याहून थोडी अधिक वाट सरली तेव्हा उजव्या हाताला बेअर बेट असावयास हवे होते, पण खाली ढगांचे अखंड पांढरे पठार पसरलेले. त्या ढगांखाली लाँगियरब्येनची धावपट्टी झाकली गेली, तर जवळपास जेट विमानाने उतरावे असे दुसरे ठिकाण नाही. मुख्य भूमीकडेच परतावे लागते, हा विचार तेव्हा मला अकारण सुचला.

सुदैवाने ढग फाटले. 1975 साली सदैव गोठलेल्या जमिनीवर उघडलेल्या त्या विमानतळाबाहेर जगातील शहरांची अंतरे दाखवणारा एक खांब आहे. त्याच्यापाशी उभे राहून मी सवयीने पुन्हा कला मोजल्या: तेथून उत्तर ध्रुव 705 सागरी मैल, सुमारे 1,300 किलोमीटर.