पेट्रोलचा काटा खोटे का सांगतो?

समजा, वाघोलीचे एक कुटुंब आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीतून रांजणगावच्या गणपतीच्या दर्शनास निघाले आहे. पेट्रोलचा काटा टाकी निम्मी भरलेली असल्याचे दाखवितो, म्हणून घरचे कर्ते गृहस्थ निश्चिंत आहेत. लोणीकंद मागे पडते, कोरेगावजवळ भीमेचा पूल ओलांडला जातो, आणि शिक्रापूर सोडल्यावर गाडी दोन-चार आचके देऊन भर रस्त्यात थांबते. गाडीत वृद्ध आई आणि मुले, मागून मालमोटारींची रांग, अंधार पडू लागलेला. आणि काटा अजूनही ‘निम्मी’ असेच सांगत असतो! टाकी मात्र कोरडी ठणठणीत.

असा प्रसंग ओढवला म्हणजे पहिला राग तबकडीवर निघतो आणि ती बदलावी असे मनात येते. जुन्या गाडीच्या बाबतीत ही घाई महागात पडते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून, व १९७४ पासून पद्मिनी या नावाने. आता तिचे उत्पादन बंद झालेले आहे. तेव्हा मूळची तबकडी उचकटताना मोडली, तर तशीच दुसरी मिळविण्यासाठी जुन्या बाजारात पायपीट करावी लागते. आणि एवढे करूनही दोष पुष्कळदा तबकडीत नसतोच.

काट्याला स्वतःला पेट्रोल दिसत नाही. टाकीतून जी वार्ता येईल तीच तो वाचून दाखवितो. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ फ्लोट असतो. तो एका दांडीच्या टोकास बसविलेला असून, पेट्रोलची पातळी बदलली की दांडीचे दुसरे टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकते. त्यामुळे विजेच्या वाटेतील रोध कमीअधिक होतो, आणि त्या मानाने काटा हलतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, किल्ली, तबकडी आणि एक लांब तार या मार्गाने टाकीपर्यंत जाते. परत येण्यास मात्र निराळी तार नसते. गाडीचे पोलादी अंगच त्या तारेचे काम करते. यालाच कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात. परतीची ही वाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती तपासण्याचे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात चढलेला गंज किंवा टाकीला हौसेने दिलेला नवा रंगही ही वाट अडविण्यास पुरेसा होतो.

दोष शोधताना प्रथम पाहावे की एकच काटा बिघडला आहे की सगळे. सगळे निपचित पडले असतील तर फ्यूज पाहावा. काही गाड्यांत पेट्रोलचा व पाण्याच्या उष्णतेचा असे दोन्ही काटे तापणाऱ्या धातूच्या पट्टीवर चालतात, आणि त्यांना सुमारे दहा व्होल्टचा स्थिर दाब पुरविणारी एक लहान डबी असते. हे दोन्ही काटे एकाच वेळी चुकू लागले, तर संशय त्या डबीवर घ्यावा.

पेट्रोलचा काटा एकटाच बिघडला असेल, तर पुढील परीक्षा करावी. किल्ली बंद ठेवून टाकीवरील तार सोडवावी, तिचे टोक कशासही लागणार नाही असे ठेवावे, आणि मग किल्ली फिरवून काटा कोठे जातो ते पाहावे. पुन्हा किल्ली बंद करून ते टोक गाडीच्या स्वच्छ धातूस घट्ट जोडावे व किल्ली फिरवावी. काही तबकड्यांत पहिल्या खेपेस काटा ‘भरलेली’ दाखवितो व दुसऱ्या खेपेस ‘रिकामी’. काहींत नेमके उलट. दोन टोकांना तो गेला, म्हणजे तबकडी आणि तार दोन्ही निर्दोष ठरल्या. काटा टोकाशी पोचताच किल्ली बंद करावी. पट्टीची तबकडी फार वेळ असा भार सोसत नाही. जोडणी नेहमी किल्ली बंद असतानाच करावी, कारण पेट्रोलच्या वाफेजवळ एक ठिणगीही घातक होय.

टाकीकडून काटा हलत नाही, पण तबकडीमागे तीच परीक्षा केल्यास हलतो, तर मधली तार तुटलेली आहे असे समजावे. तबकडी निर्दोष असून तार पुन्हा टाकीस जोडल्यावर काटा एकाच टोकाला खिळून राहत असेल, तर टाकीवरील यंत्राच्या कडेपासून गाडीच्या अंगापर्यंत एक तात्पुरती तार लावून पाहावी. काटा सुधारला तर अर्थिंगच अपराधी. टाकी भरूनही तो ‘रिकामी’ म्हणत असेल तर फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलेले असण्याचा संभव असतो. हलविले असता आतून खळखळ ऐकू येते. काटा मध्येच उड्या मारीत असेल तर वेटोळे झिजलेले असते. आणि वरील कुटुंबाच्या गाडीप्रमाणे तो निम्म्यावरच अडून बसला असेल, तर गंजाने किंवा जुन्या पेट्रोलच्या चिकट साक्याने दांडी जखडली असल्याचा संशय प्रथम घ्यावा. टाकीवरील यंत्र काढण्याचे काम मात्र बॅटरी सोडवून, मोकळ्या हवेत, जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल, त्यांनी दुरुस्ती होईपर्यंत एक लहानशी वही गाडीत ठेवावी. टाकी भरली त्या वेळचा किलोमीटरचा आकडा तीत टिपून ठेवला, की गाडी किती चालली यावरून पेट्रोलचा अंदाज बांधता येतो. काटा अडला तरी त्या वहीच्या आधारे घरची माणसे सुखरूप घरी पोचतील.