बुंधे ओढण्याची सामग्री
बुंधे ओढण्याची सामग्री : तोडलेल्या झाडांचे जमिनीतून मोकळे केलेले जड बुंधे मालमोटारीने ओढून नेण्यासाठी वापरावयाचा कप्प्या, दोर, साखळ्या, कड्या इत्यादींचा संच. या संचाची निवड पुष्कळदा केवळ बुंध्याच्या वजनावरून केली जाते. ते पुरेसे नाही. प्रत्येक भागावर येणारा ताण मालमोटारीची ओढ, कप्पी बांधण्याची जागा आणि ओढण्याची रीत यांवर अवलंबून असतो.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील जंगलांत प्रारंभी बैलांच्या जोड्या वंगण लावलेल्या आडव्या ओंडक्यांच्या वाटेवरून लाकूड ओढीत. १८८१ मध्ये जॉन डॉल्बीअर यांनी कॅलिफोर्नियातील युरीका येथे वाफेवर चालणारे ओढयंत्र तयार केले व १८८२ मध्ये त्याचे एकस्व घेतले. यंत्र जागेवर ठेवून दोराने भार ओढावयाचा व उभ्या झाडाला बांधलेल्या कप्पीवरून दोराची दिशा बदलावयाची, ही पद्धती पुढे ट्रॅक्टर व मालमोटार यांच्या बाबतीतही उपयोगी पडली.

मालमोटारीची ओढ एंजिनाच्या शक्तीपेक्षा चाकांच्या पकडीने अधिक मर्यादित होते. चालक चाकांवर ३ टन भार असून कोरड्या मातीवर घर्षणांक ०·६ असेल, तर संथ ओढ सु. १·८ टनांपलीकडे जात नाही. ओल्या चिकणमातीवर ती याच्या निम्मीही होऊ शकते. याउलट १ मी. व्यासाच्या व तितक्याच उंचीच्या ओल्या बुंध्याचे वजन सु. ०·८ टन भरते. मुळे व त्यांना चिकटलेली माती मिळून ते १ टनाच्या वर सहज जाते. खडबडीत जमिनीवर तो सरकविण्यास जवळजवळ वजनाइतकी ओढ लागते व मुळे मातीत रुतल्यास त्याहून अधिक. म्हणून आधी मुळे छाटून घेणे व बुंध्याच्या पुढील टोकाखाली पत्रा किंवा घसरफळी सरकविणे, हा कोणत्याही कप्पीपेक्षा स्वस्त उपाय आहे.

कप्पी : विहिरीवरील कप्पीप्रमाणे स्थिर कप्पी केवळ ओढीची दिशा बदलते, बल वाढवीत नाही. मालमोटार पक्क्या रस्त्यावर ठेवून बाजूच्या शेतातील बुंधा ओढावयाचा असल्यास ती उपयोगी पडते. बल वाढवावयाचे असल्यास दोराचे एक टोक पुढील भक्कम झाडाला बांधतात, दोर बुंध्याला जोडलेल्या कप्पीवरून परत पुढे आणतात व दुसरे टोक मालमोटारीला जोडतात. दोराचे दोन्ही पदर समांतर असता बुंध्यावरील ओढ जवळजवळ दुप्पट होते (कप्पीतील घर्षणात ५ ते १० टक्के बल खर्ची पडते) आणि मालमोटार २ मी. गेली म्हणजे बुंधा १ मी. सरकतो. कप्पी, तिची कडी व बुंध्याभोवतीची साखळी यांवर मात्र दोरातील ताणाच्या दुप्पट ताण येतो, ही गोष्ट नेहमी विसरली जाते. दोर उलट दिशेस वळविणाऱ्या स्थिर कप्पीच्या आधारावरही असाच दुप्पट भार पडतो. दोर काटकोनात वळत असल्यास तो १·४१ पट असतो.

या कामासाठी एक बाजू उघडून मधूनच दोर घालता येईल अशी कप्पी सोयीची असते. तिचे चाक लहान असू नये. लहान चाकावर तारा वारंवार वाकून लवकर तुटतात. सहा पेड व प्रत्येक पेडात १९ तारा असलेल्या पोलादी दोरासाठी सतत वापराच्या यंत्रांत दोराच्या व्यासाच्या सु. ३० पट व्यासाचे चाक घेतात. उचलून नेण्याच्या कप्पीत इतके मोठे चाक मावत नाही. तेव्हा दोराचे आयुष्य कमी होणार हे गृहीत धरावे लागते.

वरील उदाहरणात दोरातील ताण १·८ टन आहे. सुरक्षा गुणक ५ धरल्यास दोराचा तुटण्याचा भार ९ टन हवा. १२ मिमी. दोर ८ ते ९ टनांना तुटतो म्हणून तो उणा पडतो, १४ मिमी. दोर (सु. ११ ते १२ टन) घ्यावा. कप्पी व शॅकल ४ टन सुरक्षित कार्यभाराचे लागतात. ८० प्रतीच्या १० मिमी. साखळीचा सुरक्षित कार्यभार ३·१५ टन, म्हणजे ३·६ टन ओढीस अपुरा आहे. १३ मिमी. साखळीचा ५·३ टन असून फास घातल्यावर तो सु. एक-पंचमांशाने घटला, तरी पुरेसा राहतो.

हे सर्व गणित संथ ओढीचे आहे. दोर सैल ठेवून मालमोटार वेगाने पुढे नेण्याची सवय ते निरर्थक करते. ताशी १० किमी. वेगाने जाणारी ५ टनांची मालमोटार दोर ताणला जाऊन २५ सेंमी. अंतरात थांबली, तर सरासरी ताण सु. ८ टन व कमाल ताण त्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. मघाचा १४ मिमी. दोरही तो सोसू शकत नाही. नायलॉनचा दोर अधिक ताणला जाऊन हिसका कमी करतो, पण त्यात साठलेली ऊर्जा तो किंवा त्याची कडी तुटताच एकदम मुक्त होते. अलीकडे प्रचारात आलेले उच्च बलाच्या पॉलिएथिलिनाचे दोर हलके असून कमी ताणले जातात. मात्र ते सु. १४५° से. ला वितळतात आणि पोलादी दोराने खरवडलेल्या चाकावर लवकर झिजतात.

दोर मालमोटारीच्या सांगाड्यावरील ओढकडीलाच जोडावा. बंपर किंवा जोडगाडीचा गोळा त्यासाठी नसतो. आधाराच्या झाडाभोवती रुंद पट्टा वापरल्यास साल कापली जात नाही. दोराच्या टोकाचा फास यू-क्लिपांनी बांधताना क्लिपेचे खोगीर भार वाहणाऱ्या पदरावर व वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर यावा लागतो, १२ मिमी. दोरास निदान तीन क्लिपा लागतात. पेडाच्या एका पूर्ण वेढ्याच्या लांबीत सहा तारा, किंवा एकाच पेडात तीन तारा तुटलेल्या दिसल्यास दोर टाकून द्यावा. ओढ चालू असताना दोरापासून त्याच्या लांबीपेक्षा अधिक अंतरावर राहतात, ताणलेला दोर ओलांडीत नाहीत आणि कप्पीवरून वळलेल्या दोराच्या कोनाच्या आत कोणीही उभे राहात नाही. आधार सुटल्यास कप्पी त्याच बाजूस फेकली जाते.